आग विझल्यानंतरचे तास

प्रिय मावशी,

आमच्या प्रयोगशाळेत कातडी केव्हा भाजली ते वहीत लिहिलेलं असतं. धातूची बारीक दांडी किती अंशांपर्यंत तापवली, किती सेकंद टेकवली, कोणी टेकवली, तारीख, वेळ, खाली सही. ती वही भरताना मला हटकून तुझा केसपेपर आठवतो. आईने तो अजून ट्रंकेत, शालूच्या घडीखाली ठेवलाय. त्यावर वेळेच्या जागी 'सायंकाळी' एवढंच आहे आणि कारणाच्या जागी 'स्टोव्हचा भडका'.

"हे काय व काढलं मधातच?" असं म्हणशील. पण सुरुवात तूच केलीस. मागे फोनवर विचारलंस, "पोरी, तू बाटलीत कातडं वाढवतं म्हणे. मले लागन का व ते?" तुझ्याकडे टीव्ही चालू होता, शेजारी कुणीतरी बसलेलं होतं, आणि तुझ्या या एका प्रश्नात तीस वर्षं दडलेली होती. फोनवर त्याचं काय उत्तर देणार? म्हणून लिहिते आहे. चष्मा लाव आणि स्वतः वाच. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. सातवी झालेली आहेस तू.

आधी बाटलीचं सांगते. इथे पुण्यात विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे. १९८६ साली ही संस्था सुरू झाली, आणि देशभरातल्या संशोधकांना जिवंत पेशी पुरवणारं भांडार तिथे आहे. मी ज्या पेशींवर काम करते त्यांचं नाव हॅकॅट. त्या १९८८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला एका वयस्क पुरुषाच्या पाठीच्या कातडीतून मिळाल्या. माणसाच्या कातडीच्या पेशी बाटलीत ठेवल्या तर काही वेळा दुभागतात आणि मग थकून थांबतात. या थांबल्याच नाहीत. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये त्या आजही वाढताहेत. त्यांना ३७ अंशांची ऊब लागते, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो आणि गुलाबी रंगाचा पातळ खुराक लागतो. तो दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. त्यांना दिवाळी कळत नाही, पोळा कळत नाही. मी गावी आले की "आली न आली की चालली" म्हणून तू रुसतेस ना, त्याचं कारण या बाटल्या आहेत.

पेशींचा थर बाटलीच्या तळाशी पसरतो. मग त्यांना दुसऱ्या भांड्यात बारीक छिद्रांच्या पडद्यावर ठेवायचं, खालून खुराक द्यायचा आणि वरची बाजू हवेला उघडी करायची. हवा लागली की त्या एकीवर एक रचायला लागतात. मूळच्या, न बदललेल्या पेशी घेतल्या तर दोनेक आठवड्यांत वर कोरडा थरसुद्धा धरतो, आपल्या अंगावर असतो तसाच. अशा पेशी रुग्णाने परवानगी दिलेल्या, शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या जादा कातडीतून मिळतात. पहिल्यांदा तो थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा मला रडू आलं होतं. बाकीच्यांना वाटलं प्रयोग जमला म्हणून रडते.

तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. हॅकॅट पेशी तुला लागणार नाहीत. कुणालाच लावत नाहीत. न थकण्याच्या बदल्यात त्यांच्यातली गुणसूत्रं बदललेली आहेत. त्या शिकण्यासाठी आहेत. काय जाळलं की काय होतं, कोणतं औषध जगवतं आणि कोणतं मारतं, हे माणसाला न जाळता कळावं म्हणून.

आणि एक गोष्ट मला नेहमी टोचते. ज्या पेशींवर आम्ही भाजणं शिकतो त्या एका पुरुषाच्या आहेत. आपल्या देशात जळून मरतं कोण? 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली एक अभ्यास आला होता. त्यांच्या हिशेबाने एकट्या २००१ या वर्षात भारतात आगीने सुमारे १,६३,००० माणसं मेली, आणि त्यांतल्या शंभरांत ६५ बायका होत्या. बहुतेक १५ ते ३४ या वयातल्या. तू भाजलीस तेव्हा सव्वीसची होतीस.

मावशी, भाजण्याचं एक गणित आहे. १९४७ साली हार्वर्डमधल्या मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी ते मांडलं. डुकरांच्या कातडीवर आणि स्वखुशीने आलेल्या माणसांवर त्यांनी मोजून पाहिलं. कातडी ४४ अंशांवर राहिली तर ती जळायला सहाएक तास लागतात. तिथून पुढे एकेक अंश चढला की वेळ निम्म्यावर येतो. ६० अंशांना काही सेकंद पुरतात, ७० ला एक सेकंदसुद्धा लागत नाही. आपल्या दारव्ह्याला मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो, तरी शेतातली बाई भाजून निघत नाही. कारण तिला घाम येतो आणि आतून रक्त फिरत राहतं, ती दोघं मिळून कातडी थंड ठेवतात. आणि पेटलेल्या घासलेटची ज्वाळा शेकड्यांनी अंश गरम असते. पदर पेटला त्या क्षणापासून अंगावर घोंगडी पडेपर्यंत किती सेकंद गेले असतील? ते कुणी मोजले नाहीत. मोजता आलेच नसते. पण त्या घरात त्या वेळी किती माणसं होती, ते मला माहीत आहे.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. आग विझली म्हणजे जळणं संपलं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं ग. १९५३ साली बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन या डॉक्टरांनी भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. मधला पट्टा मेलेलाच असतो, त्याला कोणी परत आणू शकत नाही. सगळ्यात बाहेरचा नुसता लाल झालेला असतो, तो आपोआप बरा होतो. आणि या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो, तो ना मेलेला ना जगलेला. तिथलं रक्त तुंबायला लागलेलं असतं. दोन-तीन दिवसांत काय होतं त्यावर तो ठरतो. पाणी मिळालं, सलाइन मिळालं, जंतू लागले नाहीत, तर तो वाचतो. नाही तर तोही मरतो, आणि पहिल्या दिवशी वरवरची वाटलेली जखम तिसऱ्या दिवशी खोल झालेली असते.

मी तो मधला पट्टा बघते, मावशी. रोज बघते. दांडी टेकवली की मधल्या पेशी जागीच मरतात. कडेच्या पेशी मात्र त्या दिवशी चांगल्या दिसतात. एक पिवळा रंग असतो, जिवंत पेशी त्याला जांभळा करतात. भाजलं त्या दिवशी कड जांभळी येते. दुसऱ्या दिवशी फिकी पडते. त्या पेशी आगीने मेलेल्या नसतात. आगीनंतर, आतल्या आत, सावकाश मरतात. त्यांना थांबवता येईल का, एवढाच माझा अभ्यास आहे. आणि आमच्या भांड्यातल्या कातडीत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे रक्त तुंबण्याची अर्धी गोष्ट आम्हाला दिसतच नाही. रक्तवाहिन्यांच्या पेशी सोबत वाढवायचे प्रयत्न जगात चालू आहेत. सोपं नाही ते.

तुझे ते दोन-तीन दिवस कुठे गेले? मी दुसरीत होते, १९९२ चा एप्रिल होता, तरी तुकडे आठवतात. अंगणात हापशी होती. कोणीतरी ओरडलं, पाणी टाकू नका, फोड येतील. मग शाई आणली. कोणी शेण म्हणालं, कोणी कोलगेट. आज आम्ही घसा फोडून सांगतो की भाजल्यावर नळाखाली साधं गार पाणी वीस मिनिटं धरा, तीन तासांच्या आत केव्हाही धरलं तरी फायदा होतो, बर्फ नको, शाई नको, काही चोपडू नका. शाईने तर डॉक्टरला जखम दिसतच नाही. हापशी दहा पावलांवर होती, मावशी. मग जीप मिळेपर्यंत रात्र झाली. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तुझा मधला पट्टा त्या रस्त्यावर गेला. मानेचा आणि तळहाताचा तरी. हे मला पेशी बघताना कळलं, आणि कळल्यावर बरेच दिवस मला जेवण गेलं नाही.

जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले होते. तुझ्या उशाशी तुझी सासू उभी होती. तू सांगितलंस, "स्टो भडकला." ४९८-अ हे कलम १९८३ साली आलं होतं. हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ साली. तू बोललीस तेव्हा दोन्ही कायदे होते, फक्त तुझ्या खाटेपर्यंत पोचले नव्हते. मी याबद्दल तुला कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. पण एकदा आई बोलून गेली होती की ज्या स्टोव्हचा भडका उडाला, त्याच स्टोव्हवर त्या रात्री पाहुण्यांना चहा झाला. इतकंच बोलली आणि उठून गेली. मला राग आला होता, तुझाच. तू का गप्प बसलीस? कोणासाठी? आता राग नाही, पण तो प्रश्न आहे तिथेच आहे. माझ्या वहीत कारणाचा रकाना कधी रिकामा नसतो. तुझ्यासारख्या किती जणींच्या कागदावर तो भरलेला असूनही रिकामा आहे, हे मला विसरता येत नाही.

पट्ट्या बदलण्याचा तो वार तुला आठवतो का? तू सांगायचीस, ट्रॉलीचा आवाज आला की अंगावर काटा यायचा. कापसाची जाळीदार पट्टी जखमेला चिकटायची आणि ओढून काढताना नव्याने धरलेली सालही निघायची. मुंबईत त्याआधीच, १९८५ साली, डॉ. मनोहर केसवानी यांनी लहान मुलांच्या भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली बांधून पाहिल्या होत्या आणि तसं जगापुढे मांडलंही होतं. साल ओलावा धरून ठेवते, चिकटत नाही. पुढे सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं निर्जंतुक करून वापरली, २००३ साली त्यावर त्यांचे लेख आले. पान जखमेवरून अलगद उचलता येतं, रुग्ण ओरडत नाही, आणि खर्च जवळजवळ नाहीच. मोठमोठ्या कंपन्यांच्या पट्ट्यांविषयी वाचताना मला या दोघांविषयी फार आदर वाटतो. ज्यांच्याकडे पैसा नाही अशाच माणसाचं दुखणं समोर ठेवून त्यांनी विचार केला. तुझ्या वॉर्डाबाहेरच केळी विकणारा बसायचा.

आणि ते पांढरं मलम. तू त्याला 'चुन्याचं औषध' म्हणायचीस. ते चांदीपासून केलेलं, सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६८ पासून जगभर वापरतात. जंतू मारण्यात पटाईत आहे. पण वाढवलेल्या पेशींवर टाकून पाहिलं तेव्हा दिसलं की ते कातडीच्या नव्या पेशींनाही मारतं. म्हणून ते वाईट ठरत नाही. जंतू लागले तर माणूसच जातो. पण किती दिवस लावायचं आणि केव्हा थांबवायचं, याचा विचार आता जास्त होतो. हे बाटलीतल्या पेशींनी शिकवलं. तुझ्या प्रश्नातला तिरकसपणा मला कळला होता बरं, जणू "त्या बाटलीचा उपयोग काय व?" तर हा उपयोग आहे.

आता खऱ्या कातडीचं, म्हणजे बाटलीत वाढवून माणसाला लावतात त्याचं. १९७५ साली अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी भांड्यात भरघोस वाढवायची रीत शोधली. त्या पेशी एकट्या नीट वाढत नाहीत, त्यांना सोबत लागते. उंदराच्या पेशी घ्यायच्या, त्यांची वाढ थांबवायची आणि त्यांच्या अंथरुणावर या वाढवायच्या. नखाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत चादरीएवढी कातडी होऊ शकते. १९८३ साली दोन भाऊ, पाच-सहा वर्षांची पोरं, ९५ टक्क्यांहून जास्त भाजली. अंगावर घ्यायला कातडीच उरली नव्हती. काखेतला छोटासा तुकडा घेऊन बोस्टनला त्यांची स्वतःची कातडी वाढवली आणि अर्ध्या अंगाला ती लावली. दोघंही जगले. हे वाचलं तेव्हा मी अमरावतीला एम.एस्सी. करत होते. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली होती, शिपाई दिवे घालवत होता आणि मी उठत नव्हते. तू भाजलीस त्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट.

पण ती कातडी म्हणजे दुधावरची साय. काही पेशींच्या जाडीची. हात लागला की फाटते, जंतू लागले की विरघळते, आणि तिच्याखाली खरा आधार, आतलं कातडं, नसतं. पुढे २०१७ साली इटलीच्या मिकेले दे लुका यांनी याच रीतीने, वर जनुकाची दुरुस्ती करून, एका सात वर्षांच्या मुलाची ८० टक्के कातडी नवी केल्याचं प्रसिद्ध झालं. तो भाजलेला नव्हता, त्याला जन्मतःच कातडी सुटण्याचा आजार होता. म्हणजे रीत खरी आहे. अडचण वेळेची आहे. वाढायला तीन आठवडे लागतात, आणि खूप भाजलेल्या माणसाकडे ते तीन आठवडे नसतात.

ते आठवडे मिळवून देतं कोण? मेलेली माणसं. मागच्या खेपेला तू माझ्यावर चिडली होतीस, "मेल्यावर कातडं सोलतंत का व?" नाही मावशी, सोलत नाहीत. पाठीची, मांड्यांची, पोटऱ्यांची अगदी वरची पातळ पापुद्र्याएवढी कातडी घेतात. रक्त सांडत नाही, चेहऱ्याला आणि हातांना हात लावत नाहीत, पाऊण तासात काम होतं, देहाला पट्ट्या बांधून परत देतात. फक्त मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावी लागते. रक्तगट जुळावा लागत नाही. ती ग्लिसरीनमध्ये ठेवली तर पाच वर्षं टिकते. सायन रुग्णालयात डॉ. गोरे यांच्याच पुढाकाराने २००० साली देशातली पहिली त्वचापेढी सुरू झाली, मग ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरनेही काढली. ही कातडी कायमची धरत नाही, काही आठवड्यांनी शरीर तिला टाकून देतं. पण तोवर आतलं पाणी आटत नाही, जंतू शिरत नाहीत, वेदना कमी होते, आणि स्वतःची कातडी घ्यायला नाही तर वाढवायला वेळ मिळतो. दारव्ह्यासारख्या गावी सहा तासांत पथक पोचायचं म्हणजे किती आधी निरोप गेला पाहिजे, किती लोकांना हे माहीत पाहिजे! कुणाच्या घरी मयत झाली की पहिला तास रडण्यात आणि पाहुण्यांना फोन करण्यात जातो. त्यात हा फोन करायला कोण धजेल? तरी मला वाटतं, तू सांगितलंस तर बायका ऐकतील. मी सांगितलं तर पुण्याची शहाणी म्हणतील.

तुला मात्र तुझीच कातडी लावली होती, मांडीची. तू म्हणायचीस, मानेपेक्षा मांडीच जास्त आग करते, आणि सगळे हसायचे. तू बरोबर होतीस. खोल भाजलं की तिथल्या नसाही जळतात, मग दुखत नाही. मांडीच्या नसा शाबूत होत्या. भाजलेल्या बाईची जी जागा कमी दुखते तीच जास्त धोक्याची असते, हे डॉक्टरकीच्या पुस्तकात आहे. तुला ते पुस्तक न वाचता कळलेलं होतं.

आणि घाम. तुझ्या मानेच्या, छातीच्या त्या बाजूला घाम येत नाही म्हणून उन्हाळ्यात तू ओला टॉवेल टाकून बसतेस. प्रयोगशाळेतल्या कातडीलाही घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, रंग देणाऱ्या पेशी वेगळ्या घालाव्या लागतात, स्पर्श तर नाहीच. आम्ही कातडी केली म्हणतो तेव्हा खरं म्हणजे पांघरूण केलेलं असतं. तिला ऊन लागलं, वारा लागला, कुणी हात फिरवला, काही कळत नाही. तू ज्या हाताने मला न्हाऊ घालायचीस त्याची दोन बोटं तळव्यात वळलेली होती आणि त्या बोटांच्या पाठी माझ्या केसांतून फिरायच्या. तसं मला नंतर कुणी न्हाऊ घातलं नाही.

मूर्तिजापूरहून शकुंतला आगगाडीने तुला घरी आणलं तो दिवस मला अख्खा आठवतो. तेव्हा वाफेचं इंजिन होतं. तू आईला म्हणालीस, शेवटच्या डब्यात बसू. सगळ्यांना वाटलं, लोकांनी बघू नये म्हणून. मला फार नंतर कळलं की पुढच्या डब्यातून इंजिनाची भट्टी दिसायची. कारंजा गेलं, दारव्हा आलं, आणि तू पदर मानेभोवती असा घेतलास की तो पुढे कधी सैल झाला नाही. सासरी तू परत गेली नाहीस, हे तुझं एक बोलणं सगळ्या गावाने ऐकलं. त्यानंतर त्याच हाताने तू मुंगवड्या घातल्या, पापड लाटले, सरगुंडे केले, दुकानादुकानात दिले. माझी अमरावतीची फी त्यातून गेली. मी पेशींचं शिकले ते मुंगवड्यांवर. हे मी इथे सगळ्यांना सांगते, आणि ज्यांना मुंगवडी माहीत नाही त्यांना तुझ्या हातच्या खायला देते.

आता तुझी बोटं. आमच्याकडे एक प्रयोग करतात. कातडीच्या आतल्या थरातल्या, धागे विणणाऱ्या पेशी असतात, त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. कोलॅजेनची मऊ चकती करून तिच्यात त्या सोडायच्या. काही दिवसांत त्या चकतीला आतून ओढत ओढत लहान करतात. यूजीन बेल यांनी १९७९ साली हे दाखवलं. मी ती चकती आकसताना पाहिली आणि मला तुझा तळहात दिसला. जखम भरणाऱ्या पेशीच जखम ओढून घेतात. त्यांना वाटेल तेवढं ओढू दिलं तर मान खांद्याला बांधली जाते, बोटं मिटून जातात. म्हणून भाजलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून मान उशीविना मागे ठेवून निजवतात, हाताला पट्टी बांधून बोटं सरळ ठेवतात, रोज व्यायाम देतात, महिनोन्‌महिने. तुला घरी पाठवताना यातलं कुणी काही सांगितलं का? मी आईला विचारलं. कुणीही नाही. 'जखम भरली, जा' एवढंच. तुझी मान आगीने वाकडी झालेली नाही, मावशी. ती न सांगितलेल्या व्यायामाने झालेली आहे. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आगीपेक्षाही मोठी.

आणि याच्यावर इलाज आहे. बाटलीतल्या कातडीचा नाही, जुना, साधा, रोज होणारा. आकसलेला पट्टा कापून मान मोकळी करायची आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची किंवा शेजारची निरोगी कातडी आणून लावायची. किती वर्षं झाली याने अडत नाही. इथल्या एका प्लास्टिक सर्जन बाईंना मी तुझा कुणाच्या तरी लग्नातला फोटो दाखवला, पदर घेतलेला, तरी त्या म्हणाल्या, मान सुटेल, नीट सुटेल. बोटांचं खात्रीने सांगता येणार नाही, इतक्या वर्षांत सांधेच धरलेले असतील. पण तपासल्याशिवाय कुणी नाही म्हणू नये. नंतर पट्टा घालावा लागेल, व्यायाम करावा लागेल, आणि या वेळी तो मी करून घेईन. तू वर आभाळाकडे बघतेस तेव्हा अख्खं अंग मागे वाकवतेस. ते मला आता बघवत नाही.

"आता काय करतं त्याले, झालं आयुष्य," असं म्हणू नकोस. साठीच्या आतबाहेर आहेस तू. साखर बघून घे, रक्त तपासून घे, तंबाखूची मिश्री दोन महिने आधी बंद कर. ती चालू असली तर लावलेली कातडी धरायला त्रास होतो, हे मी तुला प्रेमाने नाही, शास्त्राने सांगते आहे. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाक. जन आरोग्य योजनेत बसवायची धावपळ माझ्याकडे. मोठ्या मामाला मी सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

उन्हाळ्यात करायचं नाही, घामाने पट्ट्या भिजतात. दिवाळी झाली की बरं पडेल. सोयाबीन तोवर घरात आलेलं असेल, पण कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून तू अडून बसशील, ते मला माहीत आहे. पहिला वेचा झाल्यावर निघायचं की तूर निघाल्यावर, तेवढं कळव. मी त्या महिन्यात माझ्या बाटल्या कुणाच्या तरी हवाली करून तुला घ्यायला दारव्ह्याला येते.

तुझी,
छोटी